खेळाची आठवण आणि खेळाचे मोल

व्हिडिओ गेम हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. काहींना ते गैरही वाटेल. परंतु ‘खेळ’ या शब्दाने आपल्या भाषेत आजवर काय काय पोटात घेतले आहे, याचा विचार केला म्हणजे हे आश्चर्य पुष्कळसे ओसरते. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या काळी अशा प्रयोगाला लोक ‘खेळ’ म्हणत. कोकणात दशावताराचा खेळ होतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंत बाहुल्यांचा खेळ करतात. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. पुढे सिनेमा आला, तेव्हा त्याचेही दिवसाला तीन ‘खेळ’ होऊ लागले. सारांश, कथा, चित्र, संगीत आणि अभिनय ज्यात एकत्र येतात, त्याला मराठी माणसाने नि:संकोचपणे खेळ म्हटले आहे. मग ही चारही अंगे ज्यात आहेत आणि शिवाय रसिकाच्या हातालाही ज्यात काम आहे, अशा खेळाची चिकित्सा साहित्याच्या दारी आली, तर तिला परत पाठविण्याचे कारण दिसत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. आज तिशी-चाळिशीत असलेले चार जण एकत्र बसले, की आवडत्या खेळांच्या गोष्टी निघतात. ‘मारिओ तो मारिओच!’ ‘कॉन्ट्राची सर आताच्या खेळांना कुठली?’ असे उद्गार ऐकू येतात, माना डोलतात, आणि नवे सारे टाकाऊ ठरवून बैठक उठते. या गप्पांत आनंद आहे. परंतु ही समीक्षा नव्हे. आठवते आहे ते खेळाचे सौंदर्य, की तो खेळ खेळला गेला त्या वयाचे सौंदर्य, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीत नाही. आपल्याकडे ‘स्मरणरंजन’ असा एक नेमका शब्द आहे. बाराव्या वर्षी वाचलेल्या कादंबरीविषयी बोलताना जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच बाराव्या वर्षी खेळलेल्या खेळाविषयी बोलताना बाळगली पाहिजे.

उदाहरणादाखल स्वतःच्याच आठवणी तपासावयास घेतो. वाराणसीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडील गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्पिढ्या आहेत. १९९०च्या दशकात तेथील मुलांच्या वाट्याला आलेले यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला. कॅसेटच्या चिठ्ठीवर लाखो खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात पाच-सात खेळच पुन्हा पुन्हा निराळ्या नावांनी पुढे येत. घरी यंत्र नसलेल्यांनी गल्लीतील दुकानात अर्ध्या तासाचे पैसे मोजून बाकावर बसावे, आणि ज्यांच्यापाशी पैसे नसत त्यांनी मागे उभे राहून सल्ले द्यावेत, असा रिवाज होता. सल्ले बनारसी बोलीत दिले जात, आणि घराचा उंबरठा ओलांडला की पुन्हा मराठी सुरू होई. वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. ती गेली की सारे गेले. कारण त्या कॅसेटमध्ये केलेली प्रगती राखून ठेवण्याची काही सोयच नव्हती. वीज आली की पहिल्या पायरीपासून पुन्हा आरंभ. यंत्राला काही आठवत नसे, म्हणून सारे आमच्या बोटांना पाठ करावे लागे.

आता या आठवणीतील गोडवा कशाचा? अर्धा तर गल्लीचा, सोबत्यांचा आणि चोरून काढलेल्या वेळाचा. त्याचे श्रेय खेळाला देता येणार नाही. कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर स्मरणरंजनाची वजावट केल्यावर जी शिल्लक उरते, तेवढीच खेळाच्या नावे जमा धरावयाची. ही शिल्लक मोजण्यासाठी काही माप हवे. ते कोठून आणावे?

माझ्या मते ते माप आम्हा काशीकरांना गंगेच्या पैलतीरी सापडते. रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते. तेथे रंगमंच एका जागी नाही; अयोध्या, जनकपूर, लंका ही स्थळे गावभर पसरलेली आहेत, आणि कथा पुढे सरकेल तसा प्रेक्षकही एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी चालत जातो. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. नित्यनेमाने येणाऱ्या ‘नेमी’ मंडळींच्या हाती स्वतःची पोथी असते. कथेत पुढे काय होणार, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असते, आणि त्यात बदल करण्याची मुभा कोणालाच नसते. तरीही त्या कथेचा जो अनुभव येतो, तो खुर्चीत बसून येत नाही. कारण वनवासाचा थोडासा थकवा प्रेक्षकाच्या स्वतःच्या पायांत उतरलेला असतो. येथे चालणे ही केवळ गैरसोय नाही. चालणे हाच अर्थाचा एक भाग आहे. रामलीलेला युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ही गोष्ट गौरवाची खरी. परंतु आपल्या प्रश्नापुरते महत्त्व आहे ते त्या चालण्याला.

त्यावरून माप असे ठरविता येईल: खेळात हाताला जी कृती करावी लागते, तीच अर्थ वाहून नेते काय? की अर्थ एकीकडे आणि हाताची धडपड दुसरीकडे, अशी त्यांची फारकत झालेली आहे? पहिल्या प्रकारचा खेळ कलेच्या जवळचा. दुसरा कितीही देखणा असला तरी सजविलेली करमणूकच.

या मापाने प्रथम ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पाहू. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला हा खेळ १९८५चा. त्याच्या पहिल्या पटाची रचना कोणत्याही शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. नायक डाव्या बाजूस उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचे कुठे हे न सांगता कळते. समोरून एक लहानसा शत्रू चालत येतो; त्याला चुकवायचे तर उडी मारण्यावाचून गत्यंतर नाही. वर प्रश्नचिन्हाची चकाकणारी पेटी; तिला डोके लागले की त्यातून अळंबे निघते, पुढच्या नळाला आपटते आणि नवख्या खेळाडूकडे स्वतःच परत येते. एक अक्षरही न लिहिता पहिल्या अर्ध्या मिनिटात खेळाचे व्याकरण हाताला समजते. इंग्रजी न येणाऱ्या गल्लीतल्या मुलांना तो समजला, याचे रहस्य हेच. त्याची कथा म्हणजे पळविलेल्या राजकन्येची जुनीच परीकथा. परंतु तिचे फारसे काम पडत नाही. अज्ञात प्रदेशात पाऊल टाकणे, आपटणे, आणि आपटण्यातून शिकणे हा जो बालपणाचा मूळ अनुभव, तो येथे कृतीनेच व्यक्त झाला आहे. वजावट करूनही मारिओच्या खात्यावर भरघोस शिल्लक उरते.

‘कॉन्ट्रा’चा निकाल देणे त्याहून अवघड आहे. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ साली प्रथम नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर आला आणि १९८८ साली घरगुती यंत्रावर. दोन बंदूकधारी शिपाई आणि समोर येईल त्याचा संहार, याखेरीज त्यात विचार असा नाही. तीस प्राण मिळवून देणारी कळांची ती प्रसिद्ध मालिका अनेकांना आजही पाठ असते. पण पाठ असणे म्हणजे मोल असणे नव्हे. तथापि यातील एक जागा मला आज प्रौढ वयातही विचार करण्याजोगी वाटते. तिसऱ्या टप्प्यात दोघांना धबधब्याच्या कड्यावर वर चढावयाचे असते. पट पुढच्या गड्याबरोबर वर सरकतो, आणि मागे राहिलेला पटाच्या खालच्या कडेखाली सापडला की मरतो. म्हणजे तेथे शत्रूपेक्षा आपल्या घाईचाच सोबत्याला अधिक धोका! ‘सोबत्यासाठी थांब’ हा उपदेश खेळ कोठेही करीत नाही. तो फक्त न थांबणाऱ्याच्या हातून मित्राचा जीव घेववितो. गल्लीत जी भांडणे झाली, ती पुष्कळशी याच कड्यावर झाली. बाकीचा ‘कॉन्ट्रा’ स्मरणरंजनाच्या खाती गेला तरी हा कडा मात्र कलेच्या खाती राहतो.

जुन्यांपैकी ज्याला मी नि:शंकपणे श्रेष्ठ म्हणेन, तो खेळ म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली पूर्ण केला. त्याने आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र रेखून राजपुत्राची हालचाल सिद्ध केली. त्यामुळे या राजपुत्राला वजन आहे. धावताना त्याला एकदम थांबता येत नाही. कड्याला तो बोटांनी लोंबकळतो. पडला तर जायबंदी होतो. साठ मिनिटांची मुदत आणि बारा मजल्यांचे कारागृह. चौथ्या मजल्यावर वाटेत एक आरसा उभा राहतो. त्याला वळसा घालता येत नाही. धावत येऊन त्यातूनच उडी घ्यावी लागते. राजपुत्र पलीकडे जातो, आणि त्याच क्षणी आरशातून त्याचीच छाया उलट दिशेने बाहेर पडून निघून जाते. पुढे हा छायापुरुष वाटेत आडवा येत राहतो. अखेरीस बाराव्या मजल्यावर तो तलवार उपसून समोर ठाकतो. त्याच्यावर वार करावा, तर आपलेच रक्त आटते. कितीही कौशल्याने लढा, त्याला मारणे म्हणजे स्वतः मरणे. उपाय एकच: तलवार म्यान करावयाची आणि निःशस्त्र त्याच्याकडे चालत जायचे. मग दोघे एकरूप होतात आणि वाट मोकळी होते.

ही गोष्ट वाक्यात सांगितली असती, तर ते एक सुभाषित झाले असते. काशीत तर अद्वैताची चर्चा ऐकावयाला फार दूर जावे लागत नाही. आणि वारंवार ऐकल्यामुळे ती कानाला बधिर करूनही सोडते. परंतु अकरा मजले ज्या हाताला ‘शत्रू दिसला की वार कर’ एवढेच शिकविले, त्याच हाताने ऐन संकटात शस्त्र खाली ठेवावे, यासाठी जे धैर्य लागते ते प्रवचनाने येत नाही. ते त्या एका कळेवर बोट ठेवताना प्रत्यक्ष जाणवते. येथे कृती आणि अर्थ यांत फट उरलेली नाही. बालपण वजा करा, शाळेतील संगणकाची खोली वजा करा. शिल्लक जशीच्या तशी राहते. आणखी एक गोष्ट. या खेळाची हरवलेली मूळ आज्ञावली जुन्या फ्लॉपींवर सापडली आणि २०१२ साली मेकनरने ती सर्वांसाठी खुली केली. एखाद्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत उपलब्ध व्हावी, तसे हे झाले. पुनर्वाचन शक्य असणे ही समीक्षेची पहिली अट होय.

ही अट नव्या खेळांपैकी सर्वांत लोकप्रिय खेळाला लावून पाहिली, तर काय दिसते? ‘पब्जी’ हा दक्षिण कोरियातून आलेला खेळ २०१८ साली फोनवर आला आणि घाटाच्या पायऱ्यांपासून कचेरीच्या जेवणाच्या सुटीपर्यंत सर्वत्र पसरला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१मध्ये तो भारतासाठी निराळ्या नावाने आला. जुलै २०२२मध्ये पुन्हा अंतर्धान पावला. मे २०२३मध्ये परतला. बेटावर उतरलेली शंभर माणसे आणि त्यांच्याभोवती आकसत जाणारे वर्तुळ, ही त्यातील कल्पना खचित समर्थ आहे. दूर राहू पाहणाऱ्यालाही ते वर्तुळ माणसांत ओढून आणते. परंतु डाव संपला की त्याचा मागमूस राहत नाही, आणि खेळ बंद झाला की उघडून पाहावे असे काही हाती उरत नाही. उरतात त्या फक्त सोबतीच्या आठवणी. दूरच्या शहरी गेलेले मित्र रात्री या बेटावर भेटत, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ती मैत्रीच्या इतिहासात लिहावी, कलेच्या नव्हे.

आता आपल्या घरच्या एका प्रयत्नाकडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२०मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा झालेला प्रयत्न फसला होता. तरी निर्मात्यांनी नाद सोडला नाही. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी ‘राजी’ला नामांकनही मिळाले. कसरतीची कामे करणारी एक मुलगी, असुरांनी पळविलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि त्याच्या शोधासाठी दुर्गा व विष्णू यांनी तिला दिलेली आयुधे, असे त्याचे कथानक. पहाडी चित्रशैलीचा रंग आणि राजस्थानी वास्तूंचे सज्जे-कमानी पडद्यावर उतरल्या आहेत त्या खरोखर नेत्रसुखद. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर येतात, तेव्हा मराठी वाचकाला पिंगुळीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

परंतु हेच माप येथे लावले, म्हणजे उणीव स्पष्ट दिसते. भिंतींवर पुराणकथांची चित्रे आहेत. तेथे थांबले की देवता त्या कथा सांगतात, आणि खेळाडू उभा राहून ऐकतो. ऐकून झाले की पुन्हा असुरांशी लढाई. कथा कानाला आणि लढाई हाताला, अशी ही वाटणी आहे. भाऊ हरवलेल्या बहिणीची व्याकुळता त्रिशूळ फिरविणाऱ्या बोटांपर्यंत पोहोचत नाही. तिच्या जागी कोणताही योद्धा ठेवला, तरी हाताचे काम तेच राहील. तुकडे फिरवून चित्र जुळविण्याची जी कोडी मधूनमधून येतात, तेथे मात्र हा खेळ आपल्या मर्माजवळ जातो. कारण विस्कटलेले जुळविणे हीच ताटातूट झालेल्या माणसाची खरी कृती. शेवट तर इतका अचानक येतो, की पोथीचा अखेरचा अध्याय गहाळ व्हावा. प्रथम आला तेव्हा या खेळाचे संवाद इंग्रजीत होते. २०२२च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. हे कौतुकास्पदच आहे. तथापि प्रश्न केवळ संवादांच्या भाषेचा नाही. देशी चित्रे आणि देशी देवता आणल्या म्हणजे खेळ देशी होतो, ही समजूत पुन्हा तपासली पाहिजे. खेळाची मातृभाषा त्याच्या कृतीत असते, वेशभूषेत नव्हे.

हे म्हणणे ज्यांना अतिरेकी वाटेल, त्यांच्यापुढे मी ‘वेण्बा’ ठेवीन. टोरांटो येथील तमिळ तरुणांच्या पुढाकाराने सिद्ध झालेला हा लहानसा खेळ जुलै २०२३मध्ये आला आणि २०२४ साली बाफ्टाच्या पदार्पणाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यात असुर नाहीत, बेट नाही, मरणही नाही. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेले एक तमिळ जोडपे, त्यांचा तेथे जन्मलेला मुलगा, आणि वेण्बा नावाच्या त्या स्त्रीने आपल्या आईची जपून ठेवलेली पाककृतींची वही, एवढीच सामग्री. वही फाटलेली आहे, अक्षरे पुसट झाली आहेत. उरलेल्या खुणांवरून पदार्थ करावयाचा, हाच खेळ. वाफ सर्व थरांना पोहोचावी म्हणून इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचाव्यात, हे खेळाडूने स्वतः शोधून काढावयाचे. मुलगा मोठा होतो, भाषेपासून आणि घरापासून दुरावतो. आणि पुढे खेळाची सूत्रे त्याच मुलाच्या हाती येतात. ज्या स्वयंपाकघरात आईचे हात सराईतपणे चालत, तेथे आता त्याचे हात चाचपडतात. हे चाचपडणे खेळाडूचेच असते. स्थलांतराचे दुःख पुष्कळ कादंबऱ्यांनी वर्णिले आहे. ते हाताने भोगावयास लावणे खेळालाच शक्य होते. खेळ दीड-दोन तासांत आटोपतो, काही प्रसंग घाईने उरकले आहेत, आणि कोडी फार सोपी आहेत, हे दोष मान्य करूनही त्याची जात अस्सल आहे, असे म्हणावे लागते.

प्रांताबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. काशीतील आमच्या घरांत पाककृतींच्या जुन्या वह्या अजून आहेत. त्यांत ‘मीठ अंदाजाने’ असे लिहिलेले असते, आणि तो अंदाज मात्र कोठेच लिहिलेला नसतो. तो ज्या हातांत होता ते हात गेले, की वही अर्धी मुकी होते. भाषेचेही असेच आहे. घरातील मुले मराठी समजतात, वडीलधाऱ्यांना उत्तर देतात. परंतु खेळताना त्यांच्या तोंडी हिंदी आणि इंग्रजी येते. आपण त्यांना मराठी ऐकविली, वाचावयास लावली. मराठीत करावयाला काय दिले, याचा हिशेब मांडला तर तो फारसा जमेचा निघणार नाही. मूल ज्या भाषेत खेळते, त्याच भाषेत ते पुढे आठवते. आवडत्या खेळांची चर्चा मला क्षुल्लक वाटत नाही, ती या कारणाने.

आपल्या परंपरेत हात आणि शब्द एकमेकांना पारखे नव्हते. जात्यावरच्या ओवीची लय हाताच्या फेऱ्याने ठरते. जाते थांबले की ओवी थांबते. भोंडल्याचे गाणे फेर धरल्यावाचून अर्धेच राहते. ज्या भाषेने दळण्याच्या कष्टातून काव्य काढले, तिला खेळाच्या कळेतून अर्थ काढणे अशक्य नाही. उद्या कोणी मराठी तरुण खेळ रचावयास बसेल, तेव्हा त्याने गडकोटांची चित्रे आणि वीरांची नावे घालून समाधान मानू नये. गड दाखविलाच, तर तो चढतानाची दमछाक खेळाडूच्या हाताला जाणवली पाहिजे. आणि आपण वाचकांनीही अशा खेळाकडे पाहताना, तो आपला आहे म्हणून मान डोलवू नये, की तो खेळ आहे म्हणून नाक मुरडू नये. त्याने हाताला काय सांगितले, एवढे विचारावे. उत्तर मिळाले, तर तो खेळ आपल्या साहित्याचाच एक भाग समजण्यास हरकत नाही.